इतवारीची शिटी मारली कोणं?

वरडून सांगते, चारचौघात सांगते, यातला शब्द न् शब्द खरा आहे! एक जरी खोटा निंगाला तं माझ्या जिभेले फोड येवो, माझ्या कोंबड्या जलमभर शेजारणीच्या घरी अंडे देवो, न् मी मेल्यावर माझ्या तेरवीचं वरण पातळ होवो. यापरीस मोठी आण आमच्या एकोडीकडं कोणी घेत नाही.

तं झालं असं.

आमच्या तलावात मोठं जाळं टाकते तेव्हा दोन टोकं धरा लागते. एक टोक पाळीकडच्या, म्हणजे तलावाच्या बांधावरच्या, माणसाईच्या हाती, दुसरं पल्याडच्या काठावरच्याईच्या हाती, न् मधात सारं पाणी. आता मासोरीचे कान भल्ले तिखट. माणूस बोलला का ते बुडी मारून जाळ्याच्या खालून पसार. म्हणून जाळं पाण्यात पडलं का सारे मुके. बोलाची बंदी, खोकलाची बंदी, खर्रा थुकाचीबी बंदी. एकटा इतवारी ढिवर पाळीवर उकिडवा बसे न् पाण्यावरचे बुडबुडे पाहे. मासोऱ्या जाळ्याच्या पोटात आल्या का ओठ गोल करे न् एक शिटी मारे. लांब, बारीक, शेवटी खाली उतरणारी. शीऽऽऽऽ-तू! शिटी आली का दोन्हीकडून एकदमच वढाचं. आधी वढलं तं मासोऱ्या गेल्या, मंग वढलं तरी गेल्या.

ही शिटी त्याच्या आजानं त्याच्या बापाले देली, बापानं त्याले देली. दुसरी जायदाद त्याच्याजवळ नोती न् त्याले पाह्यजेबी नोती. लग्नाच्या मांडवात आहेर पुकारे तोबी "शिटीवाले इतवारीजी" असाच पुकारे, न् इतवारी उगाच दोनदा उभा राहे, ज्याईनं पहिल्यांदा पायलं नाही त्याईच्यासाठी.

आन मंग या उन्हाळ्यात ते झालं.

पाणी उतरलं होतं, जाळं पडलं होतं, इतवारी पाळीवर बसला होता. बुडबुड्याचा पत्ता नाही. न् कुठून तरी आलं, शीऽऽऽऽ-तू! दोन्हीकडच्याईनं जोर लावला न् जाळं काठावर आणलं. जाळ्यात काय? एक चप्पल, खेकडे न् एक कासव. कासवबी रागावलेलं.

"इतवारी, काय करून राह्यला गा?" सारे वरडले.

"मी नाही मारली!" इतवारी म्हणे.

एक डाव झालं तं माणूस हासून सोडून देते. दुसऱ्या जाळ्याच्या दिवशी इतवारीच्या तोंडात भाकर होती, भला मोठा घास, संगं कांदा. त्या तोंडातून शिटी तं जाऊ द्या, हवाबी निंगाली नसती. न् बरोब्बर तेव्हाच आलं, शीऽऽऽऽ-तू! सारे वढाले लागले. इतवारी उठला न् पाळीवरून धावत सुटला, भरलेलं तोंड पुरावा म्हणून दाखवाले. पण धावता धावता घास गेला पोटात. माणसाईच्या पुढं जाऊन त्यानं तोंड उघडलं तं आत नुसता कांद्याचा वास.

राजकुमार तिथंच उभा होता. हा इतवारीचा साळा, जमुनाबाईचा लहाना भाऊ. मासेमारी सोसायटीचा अध्यक्ष नवानवाच झालेला, इस्त्रीचा सदरा घालून तलावावर ये.

"भाऊजी," तो म्हणे, "राग मानू नका. तुमचा समोरचा दात पडला. तुम्ही श्वास घेतला का तुमच्या नकळत शिटी वाजते."

"माझ्या नकळत?"

"होते असं. आमच्या आबाचं दुसरंच काही वाजत होतं नकळत, पण त्यानं मासोऱ्या पळत नोत्या."

सारे हासले. इतवारीचे कान लाल झाले.

"पाखरू आहे ते," तो म्हणे. "पल्याडच्या झुडपात बसून मारते."

"कोणतं पाखरू?"

"आता... आहे कोणतं तरी."

"कोतवाल असन," एक जण म्हणे. "बुलबुल असन," दुसरा म्हणे. "भाऊजीचा आजाच असन, पाखरू होऊन आला," तिसरा म्हणे, न् मंग तं हासता हासता लोकं खालीच बसले.

राजकुमारनं खिशातून एक लाल प्लास्टिकची शिटी काढली, दोरीवाली, शाळेत कवायतीले राह्यते तशी, आतमंदी दाना असलेली. "हे पाहा. आता जाळं बाजाराच्या दिवशी पडन. तवापर्यंत ते पाखरू गावाले दाखवा. नाही दाखवलं तं पाळीवर मी बसतो, न् ही वाजवतो."

इतवारीनं त्या शिटीकडं असं पायलं का जसं कोणं त्याच्या ताटात पाय देला.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेता घेता त्याच्या ध्यानात आलं का जमुनाबाई चहा पिऊन नाही राह्यली, कान लावून बसली आहे.

"काय पाहून राह्यली वं?"

"काही नाही. तुम्ही श्वास घ्या."

"काहून?"

"घ्या तं. जरा जोरात. आता सोडा." तिनं मान वाकडी केली. "अजून एक घ्या."

"तुलेबी वाटते मीच मारली?"

"मले काही वाटत नाही. पण राजू माझा भाऊ आहे न् तुम्ही माझे नवरे. कोणाले गधा म्हणाचं ते ऐकून ठरवते."

इतवारीनं कप खाली ठेवला, दुपट्टा खांद्यावर टाकला न् निंगाला. जलमभर ज्या बाईच्या पुढ्यात शिटी मारली, ते बाई आता त्याचा श्वास तपासून राह्यली होती. आता पाखरू पकडल्याशिवाय घरी भाकर गोड लागणार नोती.

तलावाच्या पल्याड रायमुनियाची, म्हणजे घाणेरीची, झाडी माजली होती. बोरी, पळसाचे खुट, भराडीचे काटे, सारं एकमेकात गुतलेलं, न् त्याच्या मागं जंगलाची कड. इतवारी कडेले बसला. ओठ गोल केले. शीऽऽऽऽ-तू!

घडीभर काही नाही. न् मंग आतून उत्तर आलं, शीऽऽऽऽ-तू!

अगदी त्याचीच शिटी! इतवारी टोंगळे टेकून खाली झाला न् सरकत सरकत झुडपात शिरला. पुन्हा मारली. पुन्हा उत्तर, आता जरा जवळून. काट्यानं सदरा फाटला, मुंग्या बाहीत शिरल्या, पण तो थांबला नाही. तो शिटी मारे न् सरके, तिकडून शिटी ये न् पाला हाले. पाला लय हालत होता. इतवारीच्या मनात आलं, आवाज एवढा बारीक पण पाखरू मोराएवढं दिसते. त्यानं दुपट्टा दोन्ही हातात धरला, दम रोखला, समोरची फांदी बाजूले केली न् टाकला दुपट्टा!

दुपट्ट्याखालून आवाज आला, "अरे देवा!"

दुपट्टा काढला तं आत माणूस. मातीच्या रंगाची टोपी, गळ्यात दुर्बीण, हातात मोबाईल, न् तोबी टोंगळ्यावरच. दोघाईचे नाक एकमेकाले लागाले आले होते.

"सकाळपासून शिटी तू मारून राह्यला?" इतवारी म्हणे.

"मी नाही, माझा फोन. आवाज वाजवला की पक्षी जवळ येतो. आणि तुम्ही?"

"माझं तोंड."

तो माणूस तिथंच रायमुनियात पाय पसरून बसला. साकोलीच्या कॉलेजात शिकवे तो, योगेंद्र सर म्हणत त्याले, न् सुट्टीत पाखरं पाहत फिरे. त्याचं तोंड एवढं उतरलं का इतवारीलेच दया आली.

"काय झालं सर?"

"मी पक्ष्यांच्या ग्रुपवर टाकून बसलो हो. लिहिलं की असा दमदार आवाजाचा नर आपल्या जिल्ह्यात आजवर ऐकला नाही. लोकांनी अभिनंदन केलं माझं." त्यानं मोबाईल पुढं केला. "आवाज ऐकून हा पक्ष्याचं नाव सांगतो. हे बघा, तुम्ही शिटी मारली तेव्हाचं. सुभग, नर."

"नर तं मी आहोच," इतवारी म्हणे. "फोन खोटं नाही बोलला."

"जोडीदाराला बोलावतोय, असंही आम्ही ठरवलं होतं."

"हे घरी सांगू नका सर."

मंग सरनं त्याले फोटू दाखवला. चिमणीएवढं पाखरू. पोट हळदीसारखं पिवळं, पाठ काळी, पंखावर पांढरे पट्टे. पानाच्या आतमंदी बसते, म्हणून दिसत नाही. पाहाले गेलं तं आपल्याले पान दिसते न् त्याले आपण. सर म्हणे, जंगलाच्या कडेले न् झुडपात राह्यते, न् पाऊस जवळ आला का नर गाऊ लागते.

"मी तलावावरच म्हातारा झालो," इतवारी म्हणे. "आजपर्यंत काहून नाही ऐकू आलं?"

"ही झुडपं आधी होती का इथं?"

इतवारीनं इकडं तिकडं पायलं. नोती. खरंच नोती. चुलीच्या दिवसात गावच्या बाया काडी काडी तोडून नेत. इथं सावलीले उभं राहाले झाड नोतं. मंग घराघरात गॅस आला, बायाईनं कुऱ्हाडी खुंटीले टांगल्या, न् झाडीनं हातपाय पसरले.

"म्हणजे हा सारा कारभार सिलिंडरनं केला," तो म्हणे. "पण सर, मले एक सांगा. हे पाखरू माझी नक्कल कुठून शिकलं?"

सर जरा घुटमळला. "नक्कल नाही ती. ही शिटी त्याची स्वतःचीच. हजारो वर्षांपासून तो हीच मारतो."

इतवारीले आठवलं. त्याचा आजा सांगे का त्याच्या जवानीत जंगल तलावाच्या पाण्याले लागून होतं. आजा दिवसभर पाळीवर बसे. मासोरीले ओळखू येणार नाही असा आवाज कोणता, हे शोधत बसला असन. मासोरी माणसाले भेते, पाखराले कायले भेईन?

"म्हणजे चोर आम्हीच निंगालो," तो म्हणे.

"तसं म्हणू नका."

"मंग कसं म्हणू? तीन पिढ्या झाल्या त्याची वस्तू वापरून राह्यलो." मंग त्यानं सरचा हात धरला. "सर, चोर तं चोर. पण बाजाराच्या दिवशी तुम्ही या. हे पाखरू गावाले दाखवा. नाही तं माझी पाळ गेली."

"मी येतो. पाखराचं सांगता येत नाही."

बाजाराच्या दिवशी तलावावर सारं गाव जमलं, पिशव्या घेऊन. राजकुमार पाळीवर, नवा सदरा, लाल शिटी दातात. इतवारी पाळीच्या टोकाले, जिथून रायमुनिया सुरू होते तिथं. एका बाजूले योगेंद्र सर दुर्बीण लावून, दुसऱ्या बाजूले जमुनाबाई हात कमरेवर ठेवून.

जाळं पडलं. सारे मुके. सरले मोबाईल वाजवता येत नोता, आवाजाची बंदी. आता पाखरानं आपल्या मनानं बोलावं एवढंच हाती होतं. न् पाखरू बोलत नोतं. इतवारी बोरीकडं पाहे, पळसाकडं पाहे, पुन्हा बोरीकडं पाहे. पान हालत नोतं.

मंग सवयीनं त्याची नजर गेली पाण्यावर.

बुडबुडे! बारीक बारीक, मंग मोठे. मासोऱ्या जाळ्याच्या पोटात येऊन राह्यल्या होत्या. इतवारीनं राजकुमारकडं पायलं. राजकुमार पाण्याकडं पाहूनच नाही राह्यला. कोणी तरी फोटू काढत होतं, न् तो सदऱ्याची कॉलर नीट करत होता. वाजव बे, इतवारी मनात म्हणे. वाजव, वाजव, आता वाजव! बुडबुडे पांगाले लागले. अजून घडीभर का सारं गेलं.

इतवारीचे ओठ आपोआप गोल झाले.

शीऽऽऽऽ-तू!

दोन्हीकडून जाळं वढलं. न् काय सांगू मायबाई, जाळं वर येईना! रोहू न् कतला अशा उसळल्या का पाळीवरच्या बाया ओल्या झाल्या. राजकुमार तं असा दचकला का शिटी दातात धरूनच त्यानं मोठा श्वास वढला, न् शिटीतला दाना गेला त्याच्या पोटात.

"पाखरू!" लोकं वरडले. "पाखरानं मारली! काय टायमावर मारली गा!"

सरनं मोबाईल पायला न् हात वर केला. "सुभग! नर! नोंद झाली!"

"पाहा, फोनबी म्हणते!"

इतवारीचं तोंड उघडं ते उघडंच. बोलावं का नाही? मी मारली म्हणावं, तं आधीच्या दोन्हीबी त्याच्याच गळ्यात पडते. नाही म्हणावं, तं जलमातली सगळ्यात भारी शिटी पाखराच्या नावानं जाते. जमुनाबाईनं त्याच्याकडं पायलं. ते अगदी बाजूले उभी होती.

न् एवढा कल्ला झाला का खरं पाखरू चिडलं का खूश झालं, कोणाले माहीत, बोरीतून सूऽऽर करून वर उडालं. सारे मान वर करून पाहत राह्यले. वर जाऊन त्यानं आंग फुलवलं, अगदी बेसनाच्या लाडूसारखं गोल, न् गरगर गरगर फिरत खाली उतरलं, उतरता उतरता शिटी मारत. शीऽऽऽऽ-तू! न् बसलं पळसाच्या खुटावर, साऱ्या गावाच्या पुढ्यात, नवरदेवासारखं.

"बाप्पा!" पाळीवरची सत्यभामाबाई म्हणे. ते गावातली सगळ्यात म्हातारी. "इतवारी खोटं नोता बोलत."

इतवारीची छाती फुगली. पण म्हातारी तिथंच थांबली नाही.

"मंग आता इतवारीचं काम काय? पाखरालेच ठेवा पाळीवर. हिस्साबी द्या लागत नाही."

"खरंच गा," लोकं म्हणाले लागले. "टायमावर तं तेच मारते." राजकुमार खोकून खोकून लाल झाला होता, पण मान त्यानंबी हालवली.

म्हणजे एकाच दमात इतवारी खराबी ठरला न् बेकारबी झाला.

तेव्हा जमुनाबाई पुढं आली. "ठेवा ना पाखराले. कोण नाही म्हणते? टाका आता दुसरं जाळं, न् मारू द्या त्याले शिटी. राजू, तू हो बाजूले. न् तुम्हीबी," ते नवऱ्याले म्हणे, "तोंडात दुपट्टा कोंबा. साऱ्याईले दिसन असा कोंबा."

इतवारीनं कोंबला. जाळं पडलं. जाळं पुरं उघडलंबी नाही न् पळसावरून शीऽऽऽऽ-तू! पाळीकडचे वढाले लागले. "थांबा, अजून मासोऱ्या नाही आल्या," म्हणून पल्याडच्याईनं सोडलं. पुन्हा शीऽऽऽऽ-तू! आता पल्याडच्याईनं वढलं न् इकडच्याईनं सोडलं. पाखराले लय जोर आला होता. शिटीवर शिटी, शिटीवर शिटी! कोणी वढे, कोणी सोडे, कोणी नुसता गोल फिरे, न् शेवटी जाळं वर आलं तं आतमंदी सोसायटीचे मेंबर, पायाले पाय गुतलेले, न् मासोरी नावाले नाही.

योगेंद्र सर मोबाईलकडं पाहत हळूच म्हणे, "सगळे सुभगच आहेत."

राजकुमार पाळीवरून उतरला, इतवारीपाशी आला, न् त्याच्या तोंडातला दुपट्टा आपल्या हातानं काढला.

"भाऊजी, बसा वर."

"न् शिटी?"

"तुम्हीच मारा."

इतवारीनं पळसाच्या खुटाकडं पायलं. पाखरू आपलं चोच पुसत बसलं होतं. "नाही गा. शिटी त्याची आहे. आजानं उसनी आणली होती, आता त्याचं ते वापरून राह्यलं, वापरू दे." त्यानं दुपट्टा झटकला न् काखेत मारला. "मी हा हालवतो. पल्याडच्याईले सांग, कान बंद ठेवा न् डोळे उघडे."

तिसरं जाळं पडलं. पाखरू गात होतं, कोणी हाललं नाही. बुडबुडे आले, वाढले. इतवारी उठला न् दुपट्टा हालवला. जाळं भरून आलं. पहिल्याएवढं नाही, पण भरून आलं. पाळीवरच्या त्याच्या जागेवर मंग कोणं डोळा ठेवला नाही.

राजकुमारचं काय झालं म्हणता? दाना पोटात गेला तं त्याले उचकी लागली, न् उचकी आली का आतून शिटी वाजे. घरी गेला तं त्याची चुलती रंभाबाई स्वयंपाक करत होती. हा दारात उभा राहून उचकून राह्यला, न् ते समजली का कुकरच्या शिट्ट्या झाल्या. उतरवला तिनं कुकर. साऱ्याईनं कच्चा भात खाल्ला न् एक जण बोलला नाही, अध्यक्ष घरात होता ना.

घरी जाता जाता जमुनाबाईनं इतवारीले विचारलं, "पहिल्या जाळ्याच्या टायमाले शिटी तुम्हीच मारली ना?"

"कोण म्हणते?"

"तुमचे ओठ मले दिसले."

"फोनले विचार," इतवारी म्हणे. "कोण होता ते त्यानं साऱ्या गावापुढं सांगितलं." न् तो असा तोऱ्यात चालाले लागला का जमुनाबाईले पदरानं तोंड दाबून हासा लागलं.

बरं, आता तुम्ही असे टकामका पाहून राह्यले म्हणून सांगते. ते कुकरचं तेवढं मी पदरचं जोडलं. रंभाबाईच्या घरी कुकरच नाही, ते पातेल्यात भात करते न् चांगला शिजवते. पण दाना राजकुमारनं गिळला, न् उचकी आली का शिटी वाजे, हे मात्र खरं आहे.